हनोईहून एका दिवसात निन्ह बिन्ह – प्रायव्हेट गाइड घ्यावा का? (सोबत ज्येष्ठ मंडळी आहेत)

मुग्धा_के

नमस्कार मंडळी. दिवाळी झाली की लगेच आम्ही पाच जण व्हिएतनामला चाललोय, मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि सासू-सासरे. तिकिटं झाली, ई-व्हिसा सरकारी साइटवरून काढला (माणशी 25 डॉलर, एजंटच्या नादी लागू नका), हनोईतलं हॉटेल ठरलं, हा लाँग बेची क्रूझही बुक केली. आता गाडं अडलंय ते मधल्या एका मोकळ्या दिवसावर.

सासऱ्यांची सगळी हयात मावळात भातशेती करण्यात गेली, अजूनही थोडी इंद्रायणी लावतातच, त्यामुळे त्यांचं एकच म्हणणं आहे की ते उंच बिल्डिंगी आणि मार्केटं तुम्ही बघा, मला तिथली खाचरं दाखवा आणि एखाद्या शेतकऱ्याशी बोलायला मिळालं तर बघा. सासूबाईंचे गुडघे दुखतात, चार पायऱ्या चालतात पण चाळीस नाही, आणि त्या शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. लेकीला फक्त होडीत बसायचंय. मला ते पिवळ्याधमक भाताच्या मधून जाणाऱ्या नदीचे फोटो असतात ना, ते हवेत, आता हसा.

निन्ह बिन्ह की माई चाऊ असं चाललंय. ग्रुप बसची टूर माणशी 45 डॉलरच्या आसपास सांगतायत, जेवण आणि होडी धरून. प्रायव्हेट गाडी, इंग्रजी बोलणारा गाइड, सगळं मिळून माणशी 75 सांगितले. म्हणजे पाच जणांचे दीडशे डॉलर जास्त. नवरा म्हणतोय की गाइड काय सांगणार, मोबाइलवर सगळं वाचता येतं. मला कळत नाहीये की एवढे पैसे नक्की कशाचे. कोणी नेलंय का आई-बाबांना? काय विचारून घ्यावं आधी?

---

चहा_कटिंग

सासू-सासरे आणि पोर बरोबर असेल तर प्रायव्हेटच घ्या, यात विचार करण्यासारखं काय आहे. ग्रुप बसमध्ये पंचवीस-तीस लोक, प्रत्येकाला हॉटेलवरून गोळा करण्यातच सकाळ जाते. आणि माई चाऊ विसरा, खाली कोणीतरी सविस्तर लिहीलच.

---

डोंगरवाट

लिहितो सविस्तर, आमचेही आई-वडील होते बरोबर.

आधी माई चाऊचं मिटवू. हनोईपासून अंदाजे 140 किमी, पण शेवटचा भाग घाटाचा, थुंग खे म्हणून खिंड आहे, तिथे धुकं असलं की गाडी मुंगीच्या पावलांनी. जायला साडेतीन तास, यायला तेवढेच. दरी सुंदर आहे, तिथल्या थाई जमातीच्या लोकांची (थायलंडची नव्हे) खांबांवरची लाकडी घरं आहेत, पण ती रात्री राहायची जागा आहे, दिवसात उरकायची नाही. निन्ह बिन्ह त्या मानाने 95 किमी, बहुतेक सगळा एक्सप्रेसवे, दोन तासांत पोचता.

आता दीडशे डॉलर कशाचे, तर वेळेचे. बाकी कशाचे नाहीत असं समजा तरी चालेल. सगळ्या ग्रुप बसचं वेळापत्रक थोड्याफार फरकाने एकच असतं. साडेसात-आठला हनोईतून निघतात, वाटेत एका मोठ्या दुकानापाशी अर्धा तास थांबतात (टॉयलेट ब्रेक म्हणायचं आणि मोत्याचे दागिने, भरतकाम, लाकडी सामान बघायला लावायचं), दहा-साडेदहाला होआ लू (जुन्या राजधानीची देवळं), बाराला बुफे, मग भर दुपारी होडी आणि शेवटी हांग मुआ (पायऱ्यांचा डोंगर). म्हणजे दुपारी एक ते तीन होडीच्या धक्क्यावर ही गर्दी, प्रत्येक बस तिथेच रिकामी होणार. प्रायव्हेट गाडी घेऊनही तुम्ही त्याच क्रमाने फिरलात तर पैसे पाण्यात. आणि एजंटने पाठवलेला प्रोग्रॅम बहुतेक तोच ग्रुपचा असतो, नुसतं वर प्रायव्हेट लिहिलेलं. तो क्रम उलटा करून घ्यायचा. सकाळी साडेसहाला निघा, साडेआठ-नऊला थेट होडी, ऊन कमी, पाणी शांत, धक्क्यावर रांग नाही. मग लवकर जेवण आणि होआ लू दुपारी, तेव्हा बाकीचे सगळे होडीत असतात. आमच्या गाइडला हे मेसेजवर सांगितलं तर तो आधी कुरकुरला की ऑफिसचा प्रोग्रॅम वेगळा आहे, मग म्हणाला ओके ओके. त्याला पण आवडतंच लवकर घरी जायला.

दुसरं, गाडी. पाच तुम्ही, एक गाइड, एक ड्रायव्हर, झाले सात. ते तुम्हाला सात सीटची गाडी देणार आणि कागदावर ते बरोबरच दिसणार, पण मागच्या सीटवर कोणीतरी गुडघे छातीशी घेऊन बसणार, आणि गुडघे कोणाचे दुखतात ते तुम्हीच लिहिलंय. सोळा सीटची व्हॅन मागा. तिकडे त्या सर्रास मिळतात, फरक फार नसतो. पायरी उंच असते तेवढं बघा, छोटं स्टूल ठेवायला सांगा, ठेवतात.

तिसरं, दुकानात थांबणार नाही हे लेखी घ्या. तोंडी नको. आम्ही तोंडी घेतलं होतं आणि परतीच्या वाटेवर ड्रायव्हरने बरोब्बर एका शोरूमपाशी गाडी घातली, गाइड म्हणतो फक्त दहा मिनिटं, आई उतरून आत गेली आणि पाऊण तासाने रेशमाचा स्टोल घेऊन बाहेर आली. म्हणजे तक्रार कोणाची करायची तेच कळेना.

होडीचं: ट्रांग आन आणि ताम कोक असे दोन मुख्य पर्याय. ट्रांग आनला एका होडीत साधारण चार जण, तिकीट माणशी अडीच लाख डोंग होतं आम्ही गेलो तेव्हा (घाबरू नका, एका रुपयाला तीनशेच्या आसपास डोंग येतात), लाइफ जॅकेट सक्तीचं, दोन-अडीच ते तीन तास. तीन वेगवेगळे रूट आहेत. पहिल्या रूटला नऊ गुहा पण मध्ये मध्ये देवळांपाशी उतरून पायऱ्या चढायच्या, सासूबाईंना त्रास. तिसऱ्या रूटला गुहा कमी पण त्यातली एक जवळजवळ एक किलोमीटर लांब, आत दिवे आहेत तरी छत इतकं खाली येतं की मान गुडघ्यात घालून बसावं लागतं. लेक खूष होईल, सासूबाईंना आधी विचारा. देवळापाशी उतरलं नाही तरी चालतं, होडीतच बसून राहू शकता, नावाडी बाई सोबत असते.

---

खिसा_फाटका

मी उलटं सांगणार. डे ट्रिप करूच नका. हनोई स्टेशनवरून सकाळी सहाच्या सुमारास ट्रेन आहे, सव्वादोन तासांत निन्ह बिन्ह, स्टेशनवरून टॅक्सी, ताम कोकमध्ये एक रात्र होमस्टे. बहुतेक होमस्टे सायकली फुकट देतात. बसवाले चार-साडेचारला निघून गेले की गाव रिकामं होतं, त्यानंतरची संध्याकाळ आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ हेच खरं निन्ह बिन्ह, बाकी नुसती धावपळ. ताम कोक ते बिक डाँगचा रस्ता दोन-अडीच किलोमीटर, दोन्ही बाजूंना शेत आणि चुनखडीचे सुळके, सायकलवर नऊ वर्षांची मुलगी आरामात जाईल. गाइड पाहिजेच असेल तर होमस्टेवाल्यांना सांगून अर्ध्या दिवसाचा लोकल घ्या, हनोईहून आणण्यापेक्षा स्वस्त आणि त्याचं घरच तिथे असतं.

बरं एक, स्कूटर भाड्याने घ्यायचा मोह नवऱ्याला होईल. भारतातलं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट 1949 च्या रस्ते वाहतूक करारातलं असतं आणि व्हिएतनाम 1968 चा करार मानतं, म्हणजे भाड्याने देणारा काही विचारणार नाही पण अपघात झाला की इन्शुरन्सवाला नक्की विचारणार.

---

डोंगरवाट

@खिसा_फाटका एक रात्र राहणं बेस्टच, मान्य. पण ज्येष्ठ मंडळींना घेऊन एका रात्रीसाठी बॅगा भरा, उपसा, परत हनोई, परत क्रूझला बॅगा भरा... आमच्या वडिलांनी तिसऱ्या हॉटेलला बॅग उघडायचंच बंद केलं होतं.

---

मुग्धा_के

बाप रे किती डिटेलमध्ये लिहिलंत, खरंच थँक्यू. माई चाऊ कॅन्सल. रात्री राहायचं मात्र जमणार नाही, क्रूझ दुसऱ्याच दिवशी आहे. सात सीटचं तर आमच्या डोक्यातच आलं नव्हतं, लगेच मेल केला, व्हॅन देतो म्हणाले, थोडे जास्त घेऊन.

आता जेवणाचं सांगा कोणीतरी. आणि ते पिवळं भात नोव्हेंबरमध्ये दिसेल का? एजंटने पाठवलेल्या प्रोग्रॅमवर तरी तोच फोटो आहे.

सासरे रोज विचारतायत की तिकडे भात पेरतात का लावतात, एकराला किती निघतं, जमीन कोणाच्या नावावर असते. मी म्हटलं तिकडे जाऊन विचारा. तर म्हणे कोणत्या भाषेत विचारू 😀

---

हनोईकर_सध्यातरी

मुग्धाताई, कामानिमित्त हनोईत राहतो, मूळचा इस्लामपूरचा. पाहुणे आले की निन्ह बिन्ह ठरलेलंच असतं त्यामुळे आता तिथले काही नावाडी मला ओळखतात.

पिवळा भात नोव्हेंबरमध्ये नाही. ताम कोकच्या नदीकाठचं ते पिवळं शेत मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला असतं, कापणी झाली की संपलं, दिवाळीच्या सुमाराला तिथे नुसतं पाणी असतं, त्यात सुळक्यांची सावली पडते, तेही बघण्यासारखं आहे पण फोटोतलं नाही. एजंट बाराही महिने तोच फोटो पाठवतो. नोव्हेंबरचा फायदा वेगळा, वादळांचा मोसम सरत आलेला असतो, हवा कोरडी, गारवा सुखाचा, आकाश बऱ्यापैकी साफ. जानेवारी ते मार्च इथे बारीक झिम्मड पाऊस आणि राखाडी आभाळ असतं, तेव्हा आला असतात तर मीच नको म्हटलं असतं.

पण तुमच्या सासऱ्यांसाठी म्हणून सांगतो, गाइड घ्याच, आणि शेतकरी घरातला घ्या. हे बुकिंगच्या वेळी विचारता येतं, की गाइड कुठला आहे, वय काय, घरी शेती आहे का. थोडं विचित्र वाटेल पण विचारा. इथे गाइडकडे सरकारी कार्ड असावं लागतं, फोटोवालं, गळ्यात घालतात, परदेशी पाहुण्यांना फिरवणाऱ्याचं वेगळं असतं, तेही विचारून घ्या. नाहीतर इंग्रजी येणारा कॉलेजचा पोरगा पाठवतात, तो चांगला असतो बिचारा, पण त्याला भाताचं रोप आणि गवत यातला फरक सांगता येत नाही आणि राजांच्या नावांची यादी पाठ म्हणून दाखवतो.

मागे माझे काका आले होते, तेही शेतकरी. गाइड नाम दिन्हकडचा, पन्नाशीचा माणूस, आई-वडील अजून शेती करणारे. तर वाटेत शेताच्या मधोमध सिमेंटच्या छोट्या छोट्या समाध्या दिसतात, भाताच्या खाचरात, बांधाला लागून वगैरे. काकांनी विचारलं हे काय. तेव्हा त्याने गाडी थांबवायला सांगितली आणि बांधावर उभं राहून सांगितलं की इकडे उत्तरेत माणूस गेला की आधी पुरतात, साधारण तीन-चार वर्षांनी घरचे लोक परत उकरतात, रात्री किंवा पहाटे उन्हाच्या आधी, हाडं सुगंधी पाण्याने धुतात, छोट्या मातीच्या पेटीत नीट मांडतात आणि मग कायमच्या जागी ठेवतात. त्याने स्वतः आजोबांचं केलेलं होतं. काका गप्पच झाले, मग म्हणाले विचार की नांगरताना ती समाधी मध्ये येते त्याचं काय करता. तो हसला आणि म्हणाला वळसा घालतो, आजोबाच आहेत ना. हे मोबाइलवर वाचून होत नाही, तुमच्या मिस्टरांना सांगा.

आता त्यांचे प्रश्न. जमीन इथे कायद्याने सगळ्या जनतेची म्हणजे सरकारचीच, कुटुंबाला वापराचा हक्क मिळतो, त्याचं एक लाल कव्हरचं सर्टिफिकेट असतं, आपल्या सातबाऱ्यासारखं जपून ठेवतात. आधी सगळी सहकारी शेती होती, 1988 मध्ये धोरण बदललं आणि जमीन घराघराला कसायला दिली, पुढच्याच वर्षी तांदूळ बाहेरून आणणारा देश तांदूळ विकायला लागला. उत्तरेत वाटप करताना चांगली, मध्यम, खराब अशी सगळ्या प्रकारची जमीन प्रत्येकाला मिळावी म्हणून तुकडे तुकडे करून दिले, त्यामुळे एकेका घराचे चार ठिकाणी चार तुकडे. मोजमाप साओ म्हणून असतं, उत्तरेत एक साओ 360 चौरस मीटर म्हणजे आपले साडेतीन गुंठे. काकांना हे कळल्यावर ते दिवसभर प्रत्येक शेताकडे बघून साओमध्ये अंदाज सांगत होते आणि गाइड बरोबर-चूक सांगत होता, आम्ही बाकीचे गाडीत झोपलो.

लावणी अजूनही करतात पण मजूर मिळत नाहीत म्हणून फेकून पेरणीही खूप वाढली आहे, हे वाक्य ऐकून सासऱ्यांना घरी आल्यासारखं वाटेल. लाल नदीच्या खोऱ्यात वर्षाला दोन पिकं भाताची आणि बऱ्याच ठिकाणी नोव्हेंबर-डिसेंबरात तिसरं, म्हणजे मका, बटाटा, भाज्या. तेव्हा त्यांना भाताऐवजी ती लगबग बघायला मिळेल. त्यासाठी एक्सप्रेसवे थोडा आधी सोडून गावातल्या रस्त्याने न्यायला सांगा, अर्धा तास जास्त लागेल.

आणखी एक दाखवा त्यांना. पाण्याकाठच्या काठ्यांवर, दगडांवर, रोपांच्या देठावर चमकदार गुलाबी रंगाचे बारीक दाण्यांचे घोस चिकटलेले दिसतात, एखाद्याने च्युइंगगम लावून ठेवल्यासारखे. ती गोगलगायीची अंडी. ही गोगलगाय दक्षिण अमेरिकेतली, ऐंशीच्या दशकात इथे पाळायला म्हणून आणली आणि सुटली शेतात, कोवळं रोप रातोरात खाते. शेतकरी हाताने घोस पाडतात, बदकं सोडतात. थंडीत कमी असतात पण जुने दिसतील.

नकाशाचं एक: 1 जुलै 2025 पासून इथे प्रांतांचं विलीनीकरण झालंय, 63 चे 34 केले, नाम दिन्ह आणि हा नाम दोन्ही आता निन्ह बिन्ह प्रांतातच. जुने पत्ते अजून सगळीकडे आहेत, गोंधळू नका.

जेवणाचं रात्री लिहितो, मीटिंग आहे.

---

शर्मिला_वसई

जेवणाचं मी सांगते, आम्ही पण शाकाहारी. गाइडला निघायच्या दोन दिवस आधीच सांगून ठेवायचं, आयत्या वेळी नाही. त्यांच्याकडे बौद्ध शाकाहार असतो, आन चाय म्हणतात, ते कळतं लोकांना, बरेच जण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाळतात. प्रॉब्लेम मांसाचा नाही, माशाच्या सॉसचा, नुओक माम, तो भाजीतही घालतात आणि त्यांच्या मते ते मीठच. गाइड किचनमध्ये जाऊन सांगणारा पाहिजे, टेबलावर बसून हो हो म्हणणारा नको. टोफू टोमॅटोच्या रश्शात, लसूण घातलेली पाण्यातली पालेभाजी (राऊ मुओंग), भात, फळं, एवढं बिनधास्त मिळतं. निन्ह बिन्हची खासियत म्हणजे बकऱ्याचं मटण, गल्लोगल्ली पाट्या, त्यामुळे सासूबाईंना बाहेरूनच कसंतरी होईल. ताम कोक गावात शाकाहारी आणि भारतीय हॉटेलंही आहेत. तरी धपाटे, मेतकूट, लिंबाचं लोणचं पिशवीत असू द्या. तिकडचा भात चिकट असतो, मेतकुटाबरोबर मस्त लागतो!

टॉयलेटचं कोणी विचारत नाही पण सगळ्यांना जाणून घ्यायचं असतं: हायवेच्या थांब्यावर आणि ट्रांग आनच्या धक्क्यावर ठीकठाक आहेत, जेट स्प्रे बहुतेक ठिकाणी असतो. होडीत बसायच्या आधी सगळ्यांना जबरदस्तीने पाठवा, मध्ये सोय म्हणावी अशी नाही.

आणि नोटा! 20 हजारची आणि 5 लाखाची, दोन्ही निळसर. सुट्ट्या आणि मोठ्या नोटा वेगवेगळ्या पाकिटात ठेवा, होडीत टिप देताना घाईत हमखास गडबड होते.

---

हनोईकर_सध्यातरी

शर्मिलाताईंनी सगळं सांगितलं, माझं काम वाचलं.

होडीबद्दल माझं मत थोडं वेगळं. सासूबाईंसाठी ट्रांग आनपेक्षा वान लाँग बघा. ट्रांग आन 2014 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, निसर्ग आणि संस्कृती दोन्हीसाठी, तिथल्या गुहांमध्ये तीस हजार वर्षांपासून माणूस राहिल्याच्या खुणा सापडल्यात, भव्य आहे यात वाद नाही. पण गुहेत वाकायचं, धक्क्यावरून होडीत उतरायचं, तीन तास फळीवर बसायचं, हे दुखऱ्या गुडघ्यांना जड जातं. वान लाँग हे उथळ पाणथळ संरक्षित क्षेत्र, हनोईकडून येताना आधीच लागतं, बांबूच्या चपट्या होड्या, तास-दीड तासाची फेरी, गर्दी फार कमी. तिथे डेलाकूर लंगूर नावाचं माकड आहे, जगात फक्त व्हिएतनामच्या उत्तर भागात, दोन-अडीचशेच उरलीत आणि त्यातली बहुतेक याच डोंगरांवर. अंगाने काळं आणि कमरेपासून मांड्यांपर्यंत पांढरं, म्हणजे काळ्या माणसाने पांढरी हाफ चड्डी घातल्यासारखं दिसतं, लेक हसून हसून पडेल. उजाडल्यावर किंवा चारनंतर कड्यावर बाहेर येतात, दुपारी नाही. दुर्बीण असेल तर आणा. दिसेलच याची गॅरंटी कोणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

माझा क्रम: सकाळी ट्रांग आनला नवरा, तुम्ही आणि लेक, तेवढ्या वेळात गाइड सासऱ्यांना घेऊन गावात, सासूबाई धक्क्याजवळच्या चहाच्या टपरीत बसतील किंवा त्यांच्याबरोबर व्हॅनमधून. मग जेवण, होआ लू, आणि परतताना साडेतीन-चारला वान लाँग सगळ्यांनी मिळून. हांग मुआ गाळा, 500 च्या आसपास पायऱ्या आणि उतरताना निसरड्या. ताम कोकला पायाने वल्हं मारणारे नावाडी बघायचे असतील तर धक्क्याजवळच्या पुलावरूनही दिसतात, मागे रेलून, चपला काढून, दोन्ही टाचांनी वल्हं फिरवत असतात आणि हातात मोबाइल. खोटं वाटेल पण तासन्‌तास तसे जातात, कारण पायांची ताकद हातांपेक्षा जास्त टिकते. तिथे टोकाला पोचल्यावर दुसऱ्या होडीतून बायका शीतपेय आणि भरतकाम विकायला येतात आणि नावाडीसाठी पण एक कोक घ्या म्हणतात, तो कोक बंद कॅन तसाच परत दुकानात जातो, त्यापेक्षा हातात टिप द्या. लाखभर डोंग दिले तरी बाई खूष. त्यांचा नंबर पाळीने लागतो, एका दिवसात फार फेऱ्या मिळत नाहीत.

---

इतिहासवेडा_सातारा

होआ लू गाळू नका, देवळं छोटी आहेत म्हणून लोक वीस मिनिटांत निघतात. दिन्ह बो लिन्ह नावाचा माणूस, लहानपणी म्हशी राखायचा, सवंगड्यांना घेऊन बोरूच्या तुऱ्यांचे झेंडे करून लढाई लढाई खेळायचा अशी तिथली आख्यायिका. मोठेपणी बारा सरदारांची बंडाळी मोडून 968 मध्ये सम्राट झाला आणि राजधानी या डोंगरांच्या आत आणली. का, ते तिथे उभं राहिलं की कळतं, सुळके हेच तट, खिंडीत थोडी भिंत घातली की किल्ला तयार. 1010 मध्ये राजधानी हनोईला हलवली आणि हे मागे पडलं. म्हशी राखणारा राजा म्हटल्यावर तुमच्या सासऱ्यांना दुसरं काही सांगायला नको.

---

मुग्धा_के

हा हा, सासऱ्यांनी आत्ताच विचारलं की व्हिएतनाममध्ये छत्रपतींचा पुतळा आहे तो कुठे, त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनी महाराजांच्या युद्धनीतीवरून अमेरिकेला हरवलं असा मेसेज ग्रुपवर आलाय. गाइडला विचारू का?

---

इतिहासवेडा_सातारा

विचारा, पण तो गोंधळेल. तो फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय, त्याला कुठलाही आधार मिळालेला नाही, ना भाषणाचा ना पुतळ्याचा. महाराजांचं मोठेपण त्यावर अवलंबून नाही, तेव्हा सोडा. त्यापेक्षा पुढे दा नांग-होई आन बाजूला जाणार असाल तर सासूबाईंना माय सन दाखवा. चाम राजांनी (मध्य व्हिएतनाममधलं जुनं हिंदू राज्य) बांधलेली शिवाची विटांची देवळं, चौथ्या ते तेराव्या शतकातली. 1969 मध्ये अमेरिकन बाँबफेकीत तिथलं सगळ्यात मोठं देऊळ कोसळलं. आपल्या पुरातत्त्व खात्याची माणसं तिथे डागडुजीचं काम करत होती, 2020 मध्ये काम चालू असताना नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं. गेटपासून आत इलेक्ट्रिक गाडी असते, चालणं बेताचं. सकाळी लवकर जा, दहानंतर विटा तापतात.

---

मुग्धा_के

दा नांगला तीन दिवस आहोत! मग तिथेही गाइड घ्यावा लागणार वाटतं 🙈 नवऱ्याला अजून सांगितलं नाहीये.

अपडेट: एजंटशी बोलले. सोळा सीटची व्हॅन, साडेसहाला हॉटेलवरून, दुकान नाही असं मेलवर लिहून घेतलं, ट्रांग आन आणि वान लाँग दोन्ही, बुफेऐवजी ताम कोकचं व्हेज हॉटेल. वान लाँगची तिकिटं आम्ही तिथेच काढायची. गाइड शेतकरी घरातला आहे का विचारल्यावर पलीकडची मुलगी आधी गप्प, मग म्हणाली व्हाय मॅडम. मी म्हटलं माझे सासरे फार्मर आहेत. दोन तासांनी मेसेज आला की एक जण आहे, घरी भात आणि बदकं, पण त्याचं इंग्रजी थोडं कमी आहे, चालेल का.

---

हनोईकर_सध्यातरी

पळेल. तोच घ्या, दुसरा कोणी पाठवला तर नको म्हणा. आणि सासऱ्यांना सांगा, येताना मूठभर इंद्रायणी खिशात घालून आणायचा विचार असेल तर नको, बियाणं कस्टममध्ये अडकतं. शेताचे फोटो मोबाइलमध्ये भरून आणा, लावणीचे, मळणीचे, बैलांचे. इथला शेतकरी ते बघत बसतो आणि मग इंग्रजी लागत नाही.

---

चहा_कटिंग

ताई, टूर झाली की फोटो टाका. आणि नवऱ्याला सांगितल्यावर काय झालं ते पण.